टक्केराव थंडीत गाडी काढतात

शिकागोच्या नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग या उपनगरांत मराठी माणसांची दहा घरं असतील, तर त्यांतल्या एका घरी टक्केराव राहतातच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी आयटीतली, मूळ गाव सांगलीपासून ठाण्यापर्यंत कुठलंही आणि गाडी विजेची. ‘काय, कसं काय?’ असं विचारलं की ‘मजेत’ म्हणायच्या आधी त्यांची नजर फोनकडे जाते आणि तोंडून आकडा बाहेर पडतो, ‘अडुसष्ट टक्के!’

उन्हाळ्यात टक्केराव अगदी कोणाला ऐकत नाहीत. ‘आमच्या गाडीला ऑइल चेंज नसतो,’ हे वाक्य ते ‘आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही’ या सुरात उच्चारतात. नोव्हेंबर लागला की हा सूर उतरतो. आणि जानेवारीत तर कसोटीच. संक्रांतीच्या सुमारास मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सोमवारची सुट्टी येते आणि मिनियापोलिसचे मेहुणे बोलावतात. चारशे मैल, अख्खं विस्कॉन्सिन पार करून. मेहुण्यांची गाडी गॅसची, म्हणजे आपल्या पेट्रोलची. त्यांना टाकीभाऊ म्हणू; ‘पाच मिनिटांत टाकी फुल’ यापलीकडे त्यांना गाडीबद्दल काही म्हणायचं नसतं.

‘अहो, निघायचं ना?’ वहिनी बूट घालून दारात उभ्या.

‘थांब, बॅटरी तापतेय.’

यात चूक काही नाही. गारठ्यात लिथियम-आयन बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात. थंड बॅटरीत जोराने वीज ढकलली तर आत लिथियमचा थर साचून ती कायमची बिघडू शकते, म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग आवळते. तेव्हा घरच्या प्लगवर असतानाच ती तापवून निघावं हे बरं. फक्त टक्केराव हे सगळं दार उघडं ठेवून सांगतात आणि तेवढ्यात घर गार पडतं.

खरी गंमत हीटरची. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वायाच जाते. त्यातली थोडी आत वळवली की ऊब फुकट. विजेची मोटर इतकी काटकसरी, की तिच्याकडे वाया घालवायला उष्णताच फारशी नाही. ऊब हवी तर बॅटरीतून मोजून घ्या. ‘ट्रिपल ए’ या अमेरिकेतल्या वाहनधारकांच्या संघटनेने २०१९ मध्ये पाच गाड्या तपासल्या. उणे ७ सेल्सिअसच्या आसपास, हीटर बंद असताना पल्ला सरासरी १२ टक्के घटला. हीटर लावल्यावर ४१ टक्के. टक्केरावांनी हा आकडा वाचला आणि घरच्यांच्या नशिबी कुडकुडणं आलं. तेव्हापासून हायवेवर हीटर बंद, फक्त सीट गरम. धाकटी मागे गोधडीत, वहिनी पुढे टोपी-मफलर-हातमोजे अशा जामानिम्यात. सगळ्यांच्या श्वासाने काच आतून धुरकटते. वहिनी शालीच्या टोकाने पुसतात. पुसल्या जागी पुन्हा वाफ धरते. शेवटी त्या न विचारता डीफ्रॉस्टचं बटण दाबतात. काच स्वच्छ होते, पण टक्केराव तिच्यातून बाहेर बघतच नाहीत. त्यांचं लक्ष आकड्यावर.

कागदावर तीनशे मैलांची गाडी. ४१ टक्के गेले, उरले १७७. चार्ज दहा टक्क्यांच्या खाली उतरू द्यायची छाती होत नाही आणि ऐंशीच्या वर चार्जिंग रेंगाळतं. म्हणजे एका थांब्यापासून पुढच्यापर्यंत जेमतेम सव्वाशे मैल. उन्हाळ्यात एका थांब्यात उरकणारा प्रवास आता दोन थांबे मागतो, समोरून वारा असला तर तीन. तशी टाकीभाऊंची गाडीही थंडीत जास्त पिते. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या हिशेबाने त्याच तापमानाला शहरात मायलेज १५ टक्क्यांनी पडतं. त्यांनी ते कधी पाहिलेलं नाही. गावोगावी पंप असताना पाहतो कोण?

२०२४ ची संक्रांत टक्केरावांच्या जिव्हारी लागली. १५ जानेवारीला तिळगूळ, आणि नेमका त्याच दिवसांत शिकागोत पारा उणे २० च्या खाली. चार्जिंग स्टेशनांवर रांगा, रांगेतच मान टाकलेल्या गाड्या, त्या ओढून नेणारे ट्रक, सगळं टीव्हीवर. टाकीभाऊंनी बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली. खाली एक शब्द न लिहिता फक्त जोडलेले हात. टक्केरावांचं उत्तर स्क्रीनभर आलं: बॅटरी न तापवता लोक आले, थंड बॅटरी सावकाश घेते, म्हणून रांग वाढली. बऱ्याच अंशी खरंही होतं ते. पण त्याने रांग काही हलली नाही.

वादात मात्र हार नाही. ‘नॉर्वेत २०२४ साली नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ८९ टक्के विजेच्या. तिथे काय ऊन पडतं?’ टाकीभाऊ म्हणतात, ‘मग पुढच्या संक्रांतीला तिकडेच जा.’ यावर टक्केराव ठेवणीतला पत्ता काढतात. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरचं पेटंट १९४९ मध्ये मिळवलं. त्या पट्ट्यात आजही रात्री पेट्रोलच्या गाड्यांची वायर भिंतीतल्या प्लगला लावलेली दिसते. ‘म्हणजे भाऊ, प्लग तुमच्याकडेच आधी आला!’ वर्षातून एकदाच मिळणारा हा आनंद वहिनी त्यांना मिळू देतात.

पोचल्यावर टक्केराव चहाआधी गॅरेजमधलं सॉकेट मागतात. टाकीभाऊ फ्रीझरचा प्लग काढून देतात. गॅरेजच उणे दहावर असल्याने आतल्या मटारांना फरक पडत नाही. घरगुती १२० व्होल्टची बरीचशी वीज बॅटरी उबदार ठेवण्यातच खर्ची पडते. सकाळी बघावं तर गाडी तीन टक्क्यांनी पुढे.

आणि बाहेर उभी असलेली टाकीभाऊंची गाडी चालूच होत नाही. टाकी फुल आहे, पण स्टार्टरची जुनी बॅटरी थंडीने बसली आहे. ‘जंप दे,’ टाकीभाऊ म्हणतात. ‘आमच्या गाडीवरून देता येत नाही,’ टक्केराव मॅन्युअलचं पान उघडून दाखवतात. शेजाऱ्याचा पिकअप ट्रक येईपर्यंत दोघे ड्राइव्हवेवर वाद घालत उभे. वहिनी आणि नणंदबाई तोवर एका मैत्रिणीच्या हायब्रीडमधून हळदीकुंकवाला पोचूनही गेलेल्या असतात.