टिक्

वरच्या मजल्यावरचे आप्पा गाणं ऐकायला बोलावतात, तेव्हा गाण्याकडे लक्ष द्यायचं नसतं.

"बस. डोळे मीट. आता बघ," ते म्हणतात आणि बटण दाबतात. टिक्. रेकॉर्ड प्लेअर बंद, सीडी सुरू. टिक्. सीडी बंद, कॅसेट डेक सुरू. एवढंच. पण या एवढ्याला दीड वर्ष लागलंय.

अँप्लिफायरवरचा फिरवायचा सिलेक्टर खरखरायला लागला होता. दुसऱ्या कोणी काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून विषय संपवला असता. आप्पांनी त्याऐवजी रिलेंचा, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांचा, डबा करायचं ठरवलं. मागच्या सॉकेटांना खेटून एकेक रिले. पुढच्या बटणापर्यंत येणार ते नुसते 12 व्होल्ट. "पाहुण्याचं काम दारातच होत असेल, तर त्याला स्वयंपाकघरापर्यंत कशाला फिरवायचं?"

पुण्याच्या तापकीर गल्लीत मी त्यांच्याबरोबर एकदाच गेलो. दुकानदाराने 10 अँपिअरचा दणकट रिले पुढे ठेवला. आप्पा दुखावले. "अहो, हा मोटारीला लावा. चांदीचे काँटॅक्ट काळे पडतात. मोठा करंट तो थर जाळून पुढे जातो, माझ्या मिलिव्होल्टांना तिथे कोण विचारतो? सोन्याचा मुलामा असलेला दाखवा." शेजारचं गिऱ्हाईक वळून आजचा भाव विचारायला लागलं.

घरी आल्यावर प्रत्येक कॉइलला उलटा डायोड. का, ते मी विचारायला नको होतं. "करंट तोडला की कॉइल उलटी लाथ मारते, ट्रान्झिस्टर जागच्या जागी खलास. डायोड तो राग घरातल्या घरात जिरवतो." चहा आणणाऱ्या काकू म्हणाल्या, "मी ओळखते त्याला."

पहिल्या दिवशी डबा सुरू केला आणि सगळ्या बटणांवर एकच राग: 50 हर्ट्झची घूं. रिले डावी-उजवी तार बदलत होते, अर्थ मात्र सगळ्यांची एकच. आप्पांनी तीन महिने सोल्डर उपसलं. शेवटी दोषी सापडला टीव्ही. त्याची केबल भिंतीतून स्वतःची वेगळी अर्थ घेऊन येत होती. केबल उपटली, घूं थांबली. काकूंची मालिकाही थांबली. आप्पांची भुणभुण गेली, काकूंची सुरू झाली.

परवा मला पुन्हा बसवलं. डोळे मिटले. टिक्.

"फरक कळला?"

आपणही काही अगदीच औरंगजेब नाही, हे दाखवायला मी म्हणालो, "वा! आवाज एकदम मोकळा झाला."

"मी बटण दाबलंच नाही," आप्पा म्हणाले. "टिक् तोंडाने केलं."

डब्याला सहा जागा आहेत, सहावी अजून रिकामी. माळ्यावर जुना टेप डेक पडून असेल, तर आप्पांना जरूर नेऊन द्या. ऐकायला मात्र थांबू नका.