टॅबला नावं कशी ठेवावीत
(फक्त नवशिक्यांसाठी)

पूर्वतयारी

हातात एक महत्त्वाचं काम असणं आवश्यक आहे, शक्यतो आज संध्याकाळपर्यंत द्यायचं. काम नसताना एडिटरच्या टॅबवर काय लिहिलंय याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

एडिटर म्हणून आपण व्हीएस कोड धरू, कारण तो बहुतेकांच्या मशीनवर आधीच असतो. तुम्ही व्हिम वापरत असाल तर तुम्ही नवशिके नाही. शिवाय व्हिममध्ये २००६ साली, सातव्या आवृत्तीत आलेला टॅब हा एका फाइलीचा नसून खिडक्यांच्या अख्ख्या मांडणीचा असतो, आणि त्यावर मनासारखं काही लिहायचं तर ‘टॅबलाइन’ या पर्यायासाठी स्वतः फंक्शन लिहावं लागतं. ते लिहिण्यात शनिवार छान जातो. जीएनयू ईमॅक्स १९८५ चा; त्यात अंगचे टॅब आले २०२० साली. मधली पस्तीस वर्षं तिथली मंडळी ‘टॅब हवेतच कशाला?’ असं विचारत होती, आणि टॅब आल्यावरही त्यांनी विचारणं थांबवलेलं नाही.

पायरी पहिली : दुखणं ओळखा

एडिटरच्या माथ्यावर पाहा. ओळीनं सहा टॅब आहेत आणि सहांवरही ‘पेज डॉट टीएसएक्स’ लिहिलंय? मग तुम्ही नेक्स्ट जेएसमध्ये काम करताय. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या तेराव्या आवृत्तीनं ॲप राउटर आणला. त्यात लॉगिनचं पान असो, बिलाचं असो की ‘आमच्याविषयी’चं, फाइलीचं नाव ‘पेज’च, वेगळं असतं ते फक्त फोल्डर. जँगोत हाच मान ‘व्ह्यूज’ आणि ‘मॉडेल्स’ यांना आहे. पायथनच्या पॅकेजांत ‘इनिट’ला, तोही दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर लावून. या सगळ्यांत लोकांचं ऐकलं ते एका रस्टनं. तिथे ‘मॉड डॉट आरएस’ची सक्ती २०१८ च्या एडिशनपासून उठली.

एडिटरला यातलं काहीच कळत नाही असं मात्र नाही. एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी आल्या की तो नावापुढे फिकट अक्षरांत फोल्डरही दाखवतो. पण आपली नजर ठळक अक्षरांवर जाते, ठळक अक्षरांत ‘पेज’ असतं, आणि बिलाच्या पानावर करायचा बदल आपण लॉगिनच्या पानावर करून मोकळे होतो.

पायरी दुसरी : सोपा उपाय करून पाहा

कंट्रोल आणि स्वल्पविराम एकदम दाबा. सेटिंग्ज उघडतील. वरच्या शोधपट्टीत ‘लेबल फॉरमॅट’ टाइप करा. चार पर्याय दिसतील: ‘डिफॉल्ट’, ‘शॉर्ट’, ‘मीडियम’, ‘लाँग’. ‘लाँग’ निवडलात तर टॅबवर थेट ड्राइव्हपासूनचा पत्ता येतो आणि अख्ख्या पडद्यावर जेमतेम दोन-तीन टॅब मावतात. पाहून झालं? पुन्हा ‘डिफॉल्ट’ करा.

पायरी तिसरी : खरा उपाय

मार्च २०२४ च्या आवृत्तीत, म्हणजे १.८८ मध्ये, व्हीएस कोडनं ‘कस्टम लेबल्स’ दिली. शोधपट्टीत तेच टाइप करा. ‘पॅटर्न्स’ नावाचा दोन रकान्यांचा तक्ता मिळेल. डावीकडे लिहायचं कोणत्या फाइली, उजवीकडे लिहायचं त्यांना काय म्हणायचं.

डावीकडे लिहा: स्टार स्टार स्लॅश ॲप स्लॅश स्टार स्टार स्लॅश पेज डॉट टीएसएक्स. म्हणजे ॲप फोल्डरच्या पोटात, कितीही खोल असलेली, प्रत्येक ‘पेज’ फाइल. उजवीकडे लिहा: डॉलरचं चिन्ह, लगेच महिरपी कंस, कंसात ‘डिरनेम’, कंस बंद. डिरनेम म्हणजे ती फाइल ज्या फोल्डरात आहे त्याचं नाव. डॉलर विसरलात तर सगळ्या टॅबवर महिरपी कंसासकट ‘डिरनेम’ हाच शब्द येईल. विसरू नका.

आता टॅबवर ‘लॉगिन’, ‘बिलिंग’, ‘अबाउट’ अशी माणसांची नावं दिसू लागतील. हा आनंद तुम्ही ऑर्डरचा तपशील उघडेपर्यंत टिकतो. ते पान ‘ऑर्डर्स’च्या आत, चौकोनी कंसातल्या ‘आयडी’ फोल्डरात असतं. ग्राहकाचं पानही तशाच फोल्डरात. मालाचंही. म्हणजे मघाशी ‘पेज’ नावाचे सहा टॅब होते, आता ‘आयडी’ नावाचे तीन आहेत. ही प्रगती आहे, पण थोडी.

त्यावर तोड अशी: डिरनेमला लागून साध्या कंसात १ लिहा. संगणक शून्यापासून मोजतो. शून्य म्हणजे फाइलीचं स्वतःचं फोल्डर, एक म्हणजे त्याच्या वरचं. एकची डॉलर-महिरप, मग स्लॅश, मग साध्या डिरनेमची डॉलर-महिरप असं ओळीनं लिहिलं की टॅबवर ‘ऑर्डर्स स्लॅश आयडी’ असं येतं. एव्हाना दुपारचे साडेतीन झालेले असतात.

या तक्त्यात मराठीही चालतं, आणि याचा खरा उपयोग मला तिथेच वाटतो. चाचणीच्या आणि खऱ्या सर्व्हरच्या कॉन्फिगच्या फाइली दिसायला हुबेहूब असतात. प्रॉडक्शनच्या फोल्डरातल्या फाइलीला ‘खरा सर्व्हर, जपून’ असं लेबल देऊन ठेवा. ‘नोड मॉड्यूल्स’मधल्या फाइलींना ‘आपलं नाही’ असं द्या. डीबग करता करता माणूस दुसऱ्याच्या लायब्ररीत शिरतो, तिथेच दुरुस्ती करतो, आणि पुढच्या इन्स्टॉलनंतर ती दुरुस्ती कुठे गेली म्हणून घर डोक्यावर घेतो.

सावधगिरीच्या सूचना

हे सगळं ‘यूजर’ सेटिंगमध्ये करा. ‘वर्कस्पेस’मध्ये केलंत तर ते प्रोजेक्टच्याच एका फाइलीत लिहिलं जातं, ती फाइल गिटमधून सगळ्यांकडे जाते, आणि उद्या सकाळी टीम लीडच्या पडद्यावर ‘जुन्या लोकांचा पसारा’ असा टॅब उघडतो. तो जुना माणूस तोच असतो.

सब्लाइम टेक्स्ट वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तिथे सेव्ह न केलेल्या टॅबला त्यातल्या पहिल्या ओळीचं नाव आपोआप मिळतं. राजीनाम्याचा कच्चा खर्डा तिथे लिहिणार असाल तर पहिल्या ओळीवर ‘किराणा’ असं काहीतरी लिहा. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना टॅबची पट्टी सगळ्यांना दिसते.

आणि शेवटचं. लेबलनं बदलतं ते फक्त टॅबवरचं नाव. डिस्कवर फाइल ‘पेज’च राहते, गिट तिला ‘पेज’च म्हणतं, आणि रात्री एरर येते ती ‘पेज डॉट टीएसएक्स, ओळ ४२’ अशी येते. तुमच्या एकाही टॅबवर आता ते नाव नसतं. तेव्हा फ्रेमवर्कनं नाव लादलं असेल तिथेच लेबल लावा. बाकी ठिकाणी, म्हणजे ‘युटिल्स २’ आणि ‘फायनल नवीन’ ही नावं ज्यानं ठेवली तो तुमच्याच खुर्चीत बसलेला असेल तर, डावीकडच्या यादीत फाइल निवडा, एफ २ दाबा आणि तिचं नावच बदला. टाइपस्क्रिप्टची फाइल असेल तर इम्पोर्टही बदलू का, हे एडिटर आपणहून विचारतो. ‘येस’ म्हणा आणि कामाला लागा.