सोळा पानी मेनूकार्डास खुले पत्र

श्रीयुत मेनूकार्ड,
मुक्काम : कोणतंही फॅमिली रेस्टॉरंट, टिश्यूपेपरच्या डब्याशेजारी.

स. न. वि. वि.

आपल्या कार्याचा जाहीर गौरव अजून कोणी केलेला नाही, ही उणीव भरून काढावी म्हणून हे पत्र. लॅमिनेशन केलेली सोळा पानं, प्रत्येक पानावर दोन रकाने. सूप, स्टार्टर, तंदूर, इंडियन, चायनीज, काँटिनेंटल, मॉकटेल. मधेच पावभाजी आणि पास्ता गुण्यागोविंदानं एका पानावर. तळाशी बारीक अक्षरात ‘ऑर्डरला 20 मिनिटे लागतील’ आणि ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’. गिऱ्हाइकाच्या स्वातंत्र्याची एवढी काळजी या देशात दुसरं कोण घेतं?

पनीरचंच पान उघडू. बटर मसाला, टिक्का मसाला, माखनवाला, लबाबदार, पसंदा, तुफानी. पंढरीच्या पांडुरंगाला भक्तांनी दिली नसतील इतकी नावं आपण एका नासवलेल्या दुधाला दिलीत. आता आतली गोष्ट. भटारखान्यात सकाळीच मोठ्या पातेल्यांत ग्रेव्ह्या तयार होतात : कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजबीची पांढरी, फार तर एक पिवळी. ऑर्डर आली की आचारी त्यातली पळीभर कढईत घेतो. क्रीम सोडलं की माखनवाला, ढोबळी मिरची पडली की कढई, तिखट वाढवलं की कोल्हापुरी. कोल्हापूरच्या माणसाला ती ओळखू येत नाही, पण तो तक्रार कुठं करणार? म्हणजे पानं सोळा आणि पातेली तीन. मधली सगळी दौलत आपल्या छापखान्याची!

आपल्या, म्हणजे भरमसाट पर्यायांच्या, घराण्याची कीर्ती सातासमुद्रापार आहे, हे आपल्या कानावर घालायला हवं. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या एका बड्या किराणा दुकानात जॅम चाखायला मांडला. कधी 24 प्रकार, कधी फक्त 6. चोविसांच्या टेबलाशी जास्त लोक रेंगाळले, पण थांबलेल्यांपैकी जेमतेम 3 टक्के लोकांनी बरणी विकत घेतली. सहांच्या टेबलावरून घेणारे निघाले सुमारे 30 टक्के. हा निष्कर्ष 2000 साली छापून आला आणि तेव्हापासून आपल्या जातभाईंवर जगभर बोट रोखलं गेलं.

आपले वकील इथे उठून उभे राहतील, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे. अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्रित हिशेब 2010 साली मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कुठे पर्याय वाढल्यानं माणसं गांगरली, कुठे उलट खूश झाली. अभिनंदन! मात्र पेढे इतक्यात वाटू नका. 2015 मधल्या आणखी एका आढाव्यानं माणूस नेमका कधी गांगरतो ते शोधलं. विशेषतः पर्याय एकमेकांशी ताडून पाहणं अवघड असतं आणि आपल्याला काय हवं हे आधी ठाऊक नसतं, तेव्हा. उडप्याकडे रोज इडली-वडा खाणारा कार्ड उघडतच नाही, त्याच्यासाठी शंभर पदार्थ असले काय नि पाचशे असले काय. पण लबाबदार आणि पसंदा यांत फरक काय, हे वेटरला विचारून पाहा. ‘साहेब, दोन्ही चांगलं आहे.’ आचाऱ्याला विचारा, तो पातेल्याकडे बघेल. गांगरण्याच्या या दोन्ही अटी आपण इतक्या निगुतीनं पाळता की शास्त्रज्ञांनी आपल्यालाच प्रयोगशाळेत ठेवून घ्यावं.

रविवारी रात्रीचं आपलं राज्य पाहण्यासारखं असतं. अर्धा तास बाहेर नंबर लावून कुटुंब आत येतं. आपण सर्वप्रथम दिले जाता घरातल्या बाईच्या हातात, मोठ्या सन्मानानं. आठवडाभर ती विचारत असते, ‘आज काय करू?’ आणि उत्तर मिळतं, ‘काहीही कर.’ आज एक दिवस डोक्याला हा ताप नको म्हणून ती बाहेर आलेली, तर तिच्यापुढे तोच प्रश्न सोळा पानांत. ती आपल्याला मिटून नवऱ्याकडे सरकवते. तो उजवीकडचा रकाना आधी वाचतो. पोरगं चायनीज म्हणतं, आजोबा ‘मऊ काहीतरी’ म्हणतात. वेटर कानामागची पेन्सिल काढून दोनदा येऊन जातो. शेवटी काय ठरतं? पनीर बटर मसाला, दाल तडका, बटर रोटी, जिरा राइस. गेल्या खेपेला तेच, त्याच्या आधीही तेच. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर चरचरत, धूर सोडत सिझलर येतो, सगळ्या माना तिकडे वळतात आणि कोणीतरी म्हणतंच, ‘ते मागवायला हवं होतं.’

आपली खरी करामत इथे आहे, आणि तिला माझा साष्टांग नमस्कार. माटुंग्याच्या रामा नायकांच्या उडपी बोर्डिंगात किंवा पुण्याच्या ‘बादशाही’ खानावळीत माणूस पानावर बसतो आणि वाढलेलं जेवतो. रस्सम बिघडलं, आमटी खारट झाली, तर दोष उघड मालकाचा. तिथे नाव ठेवायला समोर माणूस असतो. आपल्या दरबारात तसं नाही. भाजी बेचव निघाली तर आचारी सुटतो, मालक सुटतो, आणि टेबलावर खटला उभा राहतो : ‘कोणी मागवलं हे?’ स्वयंपाक त्यांचा, पैसे आमचे आणि चूकही आमचीच. निवडीचा मान देता देता जेवणाची जबाबदारी गिऱ्हाइकाच्या ताटात वाढायची, ही युक्ती ज्या कोणाला प्रथम सुचली त्याच्या बुद्धीला तोड नाही.

‘ते मागवायला हवं होतं’ ही हळहळ नोकरीच्या बाजारातही सुटत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या अमेरिकी विद्यार्थ्यांचा एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. सगळ्यात उत्तम तेच हवं म्हणून पर्यायांमागे धावणाऱ्यांना पगार सुमारे 20 टक्के जास्त मिळाला, आणि समाधान मात्र इतरांपेक्षा कमी. पगार हातात, डोळे शेजारच्या सिझलरवर.

मेसच्या दुधी-भोपळ्याचे दिवस परत आणा, असं माझं म्हणणं नाही. सक्तीचा दुधी खाल्लेल्या माणसाला निवडीची किंमत कळते. म्हणूनच मागण्या माफक आहेत. एक, एका पातेल्यातल्या भाज्यांना एकच नाव द्यावं. दोन, आचाऱ्याच्या हाताला जे चार पदार्थ साधतात ते पहिल्या पानावर छापावेत. तीन, ‘आजचा बेत’ म्हणून एक ओळ असावी आणि तो फसला तर मालकानं टेबलाशी येऊन ऐकून घ्यावं. यातलं काहीच जमणार नसेल, तर निदान शेवटच्या पानावर एक वाक्य टाका : ‘जेवण न आवडल्यास ती आपली निवड नव्हती.’

हल्ली आपण क्यूआर कोडचा अवतार घेऊन मोबाइलात शिरल्याचं कळलं. तिथे पानंच नाहीत म्हणे, बोट सरकवत राहायचं. प्रगतीबद्दल अभिनंदन.

कळावे, लोभ आवरावा.

आपलं,
एक भुकेलेलं गिऱ्हाईक

ता. क. : उत्तर पाठवाल तर एकच पाठवा.