सहव्यायामी बाबा

रायपूरच्या शंकर नगरात आढळणारा सहव्यायामी बाबा हा चाळिशीच्या आसपासचा, बैठी नोकरी करणारा आणि पोटाच्या घेराबाबत अलीकडेच जागा झालेला मराठी गृहस्थ असतो. घराणे बहुधा अमरावती, अकोला, नागपूरकडचे. आजोबा इकडे आले तेव्हा परमुलखात आल्याचे त्यांना वाटलेच नाही, कारण 1956 पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. नातू घरात मराठी बोलतो, गल्लीत हिंदी, आणि व्यायाम शिकवताना दोन्हींना इंग्रजीची फोडणी देतो: "बेटा, पाठ सरळ ठेव, कोअर टाइट!"

सकाळी तो बीटीआय मैदानावर दिसतो. रविवारी तेलीबांधा तलावाकाठी, ज्याला समुद्राचा पत्ता नसताना रायपूरकर मरीन ड्राइव्ह म्हणतात.

या प्रकाराची उत्पत्ती एका वाक्यातून होते. आठ वर्षांचे अपत्य म्हणते, "बाबा, मी पण येतो." अपत्याला फक्त बाबांच्या नकला करायच्या असतात, बाबांना मात्र थेट ऑलिंपिक दिसते. संध्याकाळपर्यंत घरात छोटे डंबेल, रबरी पट्टे आणि एक वही येते. वहीत अपत्याच्या दंडाचा घेर दर सोमवारी नोंदवला जातो आणि दर सोमवारी तो तेवढाच भरतो. ते स्वाभाविक आहे. वयात येण्यापूर्वी व्यायामाने मुलांचे स्नायू फारसे फुगत नाहीत. ताकद वाढते ती मज्जातंतू स्नायूंकडून नीट काम करून घ्यायला शिकतात म्हणून, आणि ही प्रगती टेपने मोजता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे दमवणारी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे-स्नायू बळकट होतील असे काही करावे. पकडापकडी, दोरीवरच्या उड्या आणि झाडावर चढणे यांत हे दोन्ही बसते. बाबा मनगटी घड्याळात पावले मोजत असतात, तेवढ्यात अपत्य मैदानाला तीन वेढे घालून कुत्र्याच्या पिल्लामागे गेलेले असते. त्याला परत रांगेत आणून प्लँक करायला लावणे हा बाबांच्या मते व्यायाम असतो.

गॅलरीत दोन पक्ष बसतात. अपत्याचे आजोबा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे, म्हणजे 1914 पासूनच्या परंपरेचे अभिमानी. "कायचे डंबेल घेऊन राहिला रे, जोर काढ!" हे त्यांचे कायमचे मत. आजीचा आक्षेप वेगळा: वजन उचलले की उंची खुंटते. आजीची भीती जगभर पसरलेली आहे, पण देखरेखीखाली, हलक्या वजनाने आणि नीट पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची खुंटल्याचा पुरावा नाही. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेला इजा होऊ शकते. तिचे कारण पेलवणार नाही एवढे वजन, चुकीची पद्धत किंवा कोणी पाहत नसताना केलेली मस्ती असते. म्हणून सात-आठ वर्षांच्या, तोल सांभाळता येणाऱ्या आणि सांगितलेले ऐकणाऱ्या मुलाला आधी स्वतःच्या शरीराचेच वजन पुरते: बैठका, भिंतीला टेकून जोर, सूर्यनमस्कार. पुढे हलके वजन, आणि तेही पंधराएक वेळा सहज उचलता येईल एवढेच. "बघू, जास्तीत जास्त किती उचलतोस" हा खेळ वाढ पूर्ण होईपर्यंत वर्ज्य. हा नियम बाबांना पटतो, पण शेजारी बघू लागेपर्यंतच टिकतो.

2023 मध्ये नारायणपूरच्या अबुझमाड मल्लखांब अकादमीच्या मुलांनी 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकले, तेव्हा शंकर नगरातल्या बाबांची नजर पार्किंगमधल्या खांबाकडे गेली. ती मुले प्रशिक्षकाच्या हाताखाली पायरीपायरीने शिकलेली असतात आणि त्यांचा खांब त्यासाठीच घडवलेला असतो. पार्किंगमधल्या खांबावर विजेचा मीटर असतो.

घरातला खरा धोका ट्रेडमिलचा. चालत्या पट्ट्यात लहान बोटे सापडली की घर्षणाने तळहात भाजतो. त्यामुळे वापर संपताच प्लग काढावा, सुरक्षेची किल्ली उंचावर ठेवावी आणि यंत्र चालू असताना मुलांना मागे फिरकू देऊ नये. घरची मंडळी त्यावर चादरी वाळत घालतात. सुरक्षेच्या दृष्टीने हा वापर निर्दोष आहे.

मे महिन्यात रायपूरचा पारा 44-45 अंशांवर जातो. नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाबा सकाळी नऊला मैदानावर निघतात, कारण सातला उठवत नाही. या दिवसांत व्यायाम उजाडताच किंवा घरात, तहान लागण्याआधीच पाणी, आणि डोके दुखले, गरगरले, मळमळले की लगेच सावलीत थांबणे एवढे पाळावे लागते. नंतर आजीचे पन्हे किंवा कामवाल्या मावशींनी सुचवलेले बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवून ठेवलेला भात. बाबांनी आणलेल्या प्रोटीन पावडरीची वरण, दूध, अंडी खाणाऱ्या मुलाला गरज नसते.

सांधा दुखणे, लंगडणे किंवा दुसऱ्या दिवशीही न ओसरणारी वेदना दिसली तर व्यायाम बंद करून डॉक्टर गाठायचा. या नियमाचा लाभ शंकर नगरात सहसा बाबाच घेतात. अपत्याशी पैज लावून मारलेल्या पन्नास बर्प्यांनंतर ते कंबर धरून आठवडाभर झोपतात आणि वहीतल्या नोंदी अपत्य स्वतः करू लागते: बाबा, शून्य.