कंजुषाची उधळपट्टी

कंजूष माणूस शेजारी नको असतो, पण गोष्टीत तो सगळ्यांना हवा असतो. मोलिएरचा कंजूष अत्र्यांनी ‘कवडीचुंबक’मध्ये मराठी बोलायला लावला, तो काही उगाच नाही. अमेरिकेने तर असा एक चिक्कू रेडिओतून थेट घरात घेतला आणि १९३२ पासून १९५५ पर्यंत जाऊ दिला नाही. त्याचं नाव जॅक बेनी; पेशा विनोदवीराचा, चिक्कूपणा सोंगातला. रविवारची संध्याकाळ ही त्याची ठरलेली वेळ.

रेडिओवर कंजुषी दिसत नाही, ती ऐकवावी लागते. बेनीच्या तळघरात तिजोरी होती. तो पैसे काढायला निघाला की पावलं वाजायची, साखळदंड खळखळायचे, कुलपं कुरकुरायची आणि शेवटी भोंगे बोंबलायचे. तिथला राखणदार इतका काळ खाली बसलेला, की वर जगात काय चाललंय याचा त्याला पत्ताच नसे. त्याच्या पगाराचं न विचारलेलंच बरं. मोटार होती मॅक्सवेल, बनवणारी कंपनी केव्हाच इतिहासजमा झालेली. तिचा खोकला आणि उचक्या मेल ब्लांक तोंडाने काढायचा. बग्ज बनी सशाचा आवाज त्याचाच. बेनीचं वयही कायम ३९, वर्षसुद्धा खर्च करायचं नाही! त्याच्या वॉकीगन गावाने १९६१ मध्ये एका शाळेला त्याचं नाव दिलं, तेव्हा शाळेच्या संघाचं नाव पडलं ‘थर्टीनाइनर्स’. पोरं वरच्या वर्गात गेली, वय तिथंच राहिलं.

असा हा गृहस्थ एका बाबतीत मात्र पक्का उधळ्या होता. रेडिओवर सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे शांतता. कधी जेलीवाले, कधी सिगारेटवाले वेळेचे पैसे मोजून बसलेले; दोन क्षण आवाज आला नाही तर ऐकणारा संच बिघडला म्हणून त्याला थापट मारणार, नाहीतर बटण फिरवून दुसरीकडे जाणार. बेनी नेमकी हीच वस्तू मुक्तहस्ताने वाटायचा. १९३२ मध्ये एड सलिव्हनच्या कार्यक्रमात तो पहिल्यांदा बोलला, तेव्हा स्वतःचं नाव सांगून त्याने श्रोत्यांना जरा उसंत दिली. कशासाठी? तर ‘आम्हाला काय त्याचं?’ असं म्हणून घेण्यासाठी.

२८ मार्च १९४८ च्या भागात बेनीने शेजारी राहणाऱ्या नट रोनाल्ड कोलमनचं ऑस्कर थोड्या वेळापुरतं मागून आणलेलं असतं. वाटेत चोर आडवा येतो आणि विचारतो, पैसे की प्राण? बेनी गप्प. प्रेक्षागृहात हशा सुरू होतो, ओसरतो, पुन्हा चढतो. चोर वैतागून पुन्हा दरडावतो, तेव्हा हा चिडून सांगतो, की विचार चाललाय! पण हशा त्या उत्तराच्या आधीच पिकलेला. त्या गप्प बसण्यात बेनी काय हिशेब करतोय, हे प्रत्येकाला स्वच्छ ऐकू येत होतं. श्रोत्यांच्या ओळखीची सोळा वर्षांची पुंजी त्याने त्या काही क्षणांत उडवली.

विनोदही त्याने असेच वाटले. टाळीची वाक्यं बहुधा इतरांना, स्वतःच्या वाट्याला फजिती. मेरी लिव्हिंगस्टन, म्हणजे प्रत्यक्षातली बायको, त्याला टोमणे मारी. एडी अँडरसनचा रॉचेस्टर हा नोकर १९३७ पासून मालकाची हजेरी घेऊ लागला. काळ्या माणसाची ठरावीक थट्टा सुरुवातीला त्या भूमिकेलाही चिकटलेली होती, पुढे ती विरत गेली. आणि शब्दाच्या खेळात मालक क्वचितच जिंकला. रेडिओवरचाच दुसरा विनोदवीर फ्रेड ॲलन याच्याशी बेनीचं वर्षानुवर्षं भांडण चाले, तेही फक्त हवेत. एरवी दोघे दोस्त. हाच चिक्कू पुढे बेताचं व्हायोलिन घेऊन मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर उभा राहिला आणि त्यांच्यासाठी निधी जमवत हिंडला. लोकांनी त्याचं बेसूर वाजवणं ऐकायला पैसे मोजले!

आपल्याकडे विनोद सांगणारा बहुधा आधी स्वतः हसतो, मग विनोद सांगतो आणि कोणी हसलं नाही तर समजावूनही देतो. गप्प बसायला कोणी तयार नसतो. अर्थात गप्प बसणं दिसतं तेवढं स्वस्त नाही. उसने पैसे मागायला आलेल्या मित्रासमोर तुम्ही-आम्ही बेनीइतकेच गप्प राहिलो, तर हशा पिकणार नाही; मित्र उठून जाईल. आपल्याला पैसे वाचल्याचं तेवढं समाधान. रेडिओवरच्या बेनीला मात्र तेवढंही पुरलं असतं.