सात अंगांचा नमस्कार

स्लाव, इंग्लंड
16 फेब्रुवारी 2025

ती. सौ. आईस,

साष्टांग नमस्कार लिहायला गेले आणि थांबले. आठ अंगांत छातीही येते, आणि ती सध्या जमिनीला सोड, अंगातल्या कपड्यालाही टेकवता येत नाही. तेव्हा सात अंगांचा नमस्कार गोड मानून घे. आठवं अंग बर्फात आहे.

रोज व्हिडिओ कॉल होतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. अगं, कॉलवर तुझ्यामागे आबा असतात, त्यांच्यामागे काकू, काकूंच्या मागे दूध घालून परत चाललेला एखादा पोरगा किटलीसकट उभा असतो. मी कुठे दुखतंय ते सांगायला लागले की तू घाईघाईने मान वळवून सगळ्यांना सांगतेस, "तिला जरा कणकण आहे." कणकण! 39.4 होता ताप. आपल्या भाषेत एकशे तीन. पत्र मात्र तू चष्मा लावून देवघरात एकटी वाचतेस, म्हणून हा खटाटोप.

तर मुद्द्याचं. गेल्या तीन महिन्यांत मला तीनदा झालं. परवा चौथ्यांदा होता होता राहिलं. इथे त्याला मॅस्टायटिस म्हणतात, तू दूध साकळलं म्हणतेस, आणि आबा काय म्हणाले ते पुढे येईलच.

पहिली खेप चिंगी तीन आठवड्यांची असताना. सकाळी उठले तर उजव्या बाजूला, काखेच्या अंगाला, कलिंगडाच्या फोडीएवढा लाल तिकोनी डाग आणि आत दगड. दुपारपर्यंत अशी हुडहुडी भरली की दोन रजया, हीटर आणि तुझ्या जावयाचं जॅकेट अंगावर घेऊनही दात वाजत होते. मला वाटलं फ्लू आला. इकडे चिंगी भुकेने लाल, तिकडे मी तापाने लाल, आणि मध्ये तुझे जावई दोघींकडे आळीपाळीने बघत उभे.

इथे डॉक्टर भेटायचा तर सकाळी आठला फोन लावायचा. मी आठ वाजून शून्य मिनिटांनी लावला, तेव्हा रांगेत माझा नंबर सतरावा. ती वीस मिनिटं तुझ्याशी बोलावं म्हणून दुसऱ्या फोनवरून घरी लावला, तो आबांनी घेतला. मी म्हटलं, एका बाजूला दगड झालाय, लाल आहे, ताप आहे. एक क्षणही न थांबता आबा म्हणाले, "दगडी झाली. दुसरं काही नाही." गायींच्या कासेला होते ती दगडी! पस्तीस वर्षं एचएफ गायी सांभाळलेला माणूस! अर्ध्या तासाने डॉक्टरबाईंनी बघितलं, तपासलं आणि तेच सांगितलं, फक्त लॅटिनमध्ये.

एवढं करून आबा थांबले असते तर बरं. पण त्यांनी पुढे उपचारही सांगितले. पहिल्या दोन धारा वाटीत काढून गुठळ्या आहेत का बघ. मग म्हणाले, "आणि पाजल्यावर अर्धा तास खाली बसू नको." का, तर धार काढल्यावर सडाचं तोंड मिटायला वेळ लागतो, गाय लगेच बसली तर शेणातले जंतू आत शिरतात. मी म्हटलं, आबा, आमच्याकडे कार्पेट आहे. तर म्हणाले, "ते रोज धुता का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग आवाज खाली आणून विचारलं, "ते दूध पोरीला चालतं का? संघ तर घेत नाही असलं." हा प्रश्न खरा होता, मीही डॉक्टरबाईंना पहिला तोच विचारला. चालतं. नुसतं चालतं असं नाही, पाजत राहायचं. एकदम बंद केलं तर आणखी तुंबतं, गळू व्हायचा धोका वाढतो. आबांना सांग, त्यांची नात म्हणजे दूध संघ नव्हे. फॅट-एसएनएफ न लावता घेते आणि पैसेही कापत नाही. एकच तक्रार: त्या बाजूचं दूध त्या दिवसांत जरा खारट होतं, आबांना गायींवरून माहीत आहे. चिंगी एक घोट घेऊन माझ्याकडे अशी बघायची, जशा आजी आमटीत मीठ जास्त पडलं की आईकडे, म्हणजे तुझ्याकडे, बघायच्या.

डॉक्टरबाईंनी फ्लुक्लॉक्सासिलिन दिलं, दिवसातून चार वेळा, दहा दिवस. बाळंतीणबाईला इथे वर्षभर औषधं फुकट असतात, त्यामुळे ते एक बरं. पण गोळी घ्यायची उपाशीपोटी: जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी. आई, अंगावर पाजणाऱ्या बाईचं पोट उपाशी कधी असतं ते मला सांग. रात्री तीनला मी फ्रिजसमोर पोळीचा तुकडा हातात धरून घड्याळाकडे बघत उभी असायचे, संकष्टीला चंद्राची वाट बघावी तशी.

आणि मग मी आपल्या घराण्याला शोभेल असं केलं. पाचव्या दिवशी ताप गेला, दगड विरघळला, बरं वाटलं, आणि उरलेल्या गोळ्या "कधीतरी लागतील" म्हणून डब्यात ठेवल्या. तुझ्याकडेही तसा डबा आहे, त्यात 2011 ची खोकल्याची बाटली आहे. तर त्या गोळ्या लागल्या. तीन आठवड्यांत, त्याच जागी, दुप्पट ठणक्याने.

दुसऱ्या खेपेला सल्ल्यांचा पूर आला. तू म्हणालीस, गरम शेक घे आणि वरून खाली चोळून चोळून गाठ मोड. आत्या म्हणाली, लाकडी फणीने विंचर. शेजारच्या इंग्लिश बाईंना वाटलं आपण काही आधुनिक सांगावं, त्या म्हणाल्या, विजेवर चालणारा टूथब्रश असतो ना, त्याची पाठ गाठीवर धर, थरथरीने मोकळं होतं. म्हणजे बघ, सात समुद्र ओलांडून अक्कल तीच. फणीच्या जागी ब्रश आला आणि त्याला चार्जर लागला. मी कुणालाच नाराज केलं नाही. शेकलं, चोळलं, विंचरलं आणि ब्रशही धरला. शिवाय "रिकामं झालं पाहिजे" म्हणून दर पाजण्यानंतर वीस मिनिटं पंप. त्या पंपाला लय आहे गं. रात्री तो "काय-गं-बाई, काय-गं-बाई" म्हणतोय असं मला स्वच्छ ऐकू यायचं.

फ्रीझर भरला. वाटाण्याच्या पिशव्या काढून तिथे दुधाच्या पिशव्या लागल्या. मी आबांना अभिमानाने लिटरचा आकडा सांगितला, त्यांनी दर विचारला. आणि तिसऱ्या खेपेला ते पुन्हा आलं.

कोबीचंही सांगते. गार कोबीचं पान आत ठेवायचं, हे इथे आजीबाईंपासून नर्सपर्यंत सगळ्यांना ठाऊक. पानं माझ्या वाट्याला, उरलेला गड्डा भाजीला; सलग नऊ दिवस घरात कोबी. फरक पडतो तो बहुधा गारव्याने, कोबीत काही अमृत नाही. नवव्या दिवशी जावई म्हणाले, "आज तुझ्या अंगाला वास येतोय की डब्याला?" त्यांना त्या रात्री जेवायला कोबीच होता.

तिसऱ्यांदा त्याच जागी झालं म्हटल्यावर डॉक्टरबाईंनी ते मनावर घेतलं. दूध तपासणीला पाठवलं, कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघायला. एकाच ठिकाणी पुन:पुन्हा होतं म्हणून सोनोग्राफीही केली, आत पू तर साठला नाही ना, दुसरं काही नाही ना. काही नव्हतं, देवाची कृपा. जंतू निघाला स्टॅफिलोकॉकस ऑरियस. आबांना नाव सांगितलं तर म्हणाले, "तो होय. आपल्या कपिला गायीला तोच होता." जुना पाहुणा भेटावा तसे बोलले.

आणि मग लायब्ररीच्या मागच्या खोलीत पाजणाऱ्या बायांसाठी आठवड्यातून एकदा बसणारी एक बाई भेटली. पन्नाशीची, पायात लोकरी मोजे, चहाचा मग खाली ठेवत नाही. माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि म्हणाली, "तू फार कष्ट घेतेस. कमी कर." मला वाटलं घरकामाबद्दल बोलतेय. ती पंपाबद्दल बोलत होती.

तिने जे सांगितलं ते मी तुला आपल्या भाषेत सांगते. आपल्याला वाटतं, नळीत दह्याच्या कवडीसारखी गुठळी अडकलीय, ती दाबून बाहेर काढली की सुटलो. तसं बहुतेक वेळा नसतंच. आजूबाजूचं मांस सुजलेलं असतं, त्या सुजेने नळी बाहेरून चेपली जाते. मुरगळलेल्या घोट्याला आपण कणकेसारखं मळतो का? नाही ना. इथे मात्र मळतो, आणि सूज वाढवतो. स्तनपानाच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2022 मध्ये यावरच्या सूचनाच बदलल्या: जोराने चोळायचं नाही, शेकाऐवजी गार, सुजेला आयबुप्रोफेन, पाजायचं बाळ मागेल तेवढंच, आणि रिकामं करण्यासाठी म्हणून पंप लावायचा नाही. टूथब्रशही बाद. कारण ही टाकी नव्हे, विहीर आहे. जेवढं उपसावं तेवढे झरे मोकळे होतात. हे ज्यांनी विहिरी उपसल्या त्या आबांच्या मुलीला इंग्लंडात येऊन कळावं!

मी फ्रीझर भरत होते आणि त्याच वेळी दुखणं पोसत होते. तुझ्या अळिवाच्या आणि डिंकाच्या लाडवांचा यात किती वाटा, ते कुणी छातीठोक सांगत नाही, आणि मी तर सध्या काहीच छातीठोक सांगू शकत नाही. पण मला मुळात दूध जास्तच होतं. त्यात पंप, वरून रोज दोन लाडू. लाडू आता जावई खातात. त्यांचं वजन चार किलोंनी वाढलंय, पान्हा अजून फुटलेला नाही.

पंप मी एकदम बंद नाही केला. आठवडाभर थोडा थोडा कमी करत नेला. गोळ्या मात्र या वेळी शेवटची एकसुद्धा उरवली नाही, डबा रिकामा करून जावयांना दाखवला. त्याला महिना झाला.

परवा सकाळी पुन्हा तीच जागा लाल झाली. माझ्या पोटात गोळाच आला. हात आपोआप चोळायला गेला, मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला. गोठलेल्या वाटाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून दहा-दहा मिनिटं लावली, आयबुप्रोफेन घेतलं, चिंगीला तिच्या वेळेला पाजलं आणि पडून राहिले. चोवीस तासांत उतार पडला नाही किंवा ताप चढला तर डॉक्टरला फोन करायचा, असं त्या बाईने बजावलं होतं. ताप आला नाही. आज दगड गेलाय, हुळहुळं आहे अजून. वाटाण्याच्या पिशवीवर मी मार्करने "हे खायचे नाहीत" असं लिहिलं होतं. कालची उसळ कुठल्या वाटाण्याची होती ते जावई अजून सांगत नाहीत.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र.

मागच्या रविवारी मावशीचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, "तुझ्या आईचं तर फाडावं लागलं होतं, दादाच्या वेळी." आई, तुझ्या डाव्या बाजूचा तो व्रण. मी लहानपणापासून समजत होते की तू स्टोव्हवर भाजली होतीस. मी एकदा विचारलंही होतं, न्हाणीत, सहा-सात वर्षांची असताना, आणि तू माझ्या डोक्यावर भसकन तांब्या ओतला होतास. तालुक्याच्या दवाखान्यात, मावशी म्हणाली, नीट भूलही दिली नव्हती, आणि आठव्या दिवशी तू चुलीपुढे होतीस.

आपल्या घरात जेवताना कास, सड, धार, पू यांच्यावर आमटीबरोबर चर्चा व्हायची. कपिलेचं एक सड बाद झालं तेव्हा चार गावचे लोक बघायला आले होते, डॉक्टर दोनदा येऊन गेला, आबा रात्रभर गोठ्यात बसले. तुझ्या वेळी कोण बसलं होतं, ते मावशीला आठवत नाही. मी आबांवर रागावून लिहीत नाहीये. त्यांनी मला फोनवर एका वाक्यात निदान दिलं, ते त्यांना येत होतं म्हणून. तुझ्या वेळी त्यांना कुणी सांगितलंच नसेल की हे तेच आहे.

वहिनीचे दिवस पुढच्या महिन्यात भरतायत. ती माहेरी गेली की तिची आई शेक-शेगडी घेऊन तयारच असेल, आत्या फणी घेऊन पोचेल. तेव्हा हे पत्र देवघरात ठेवू नकोस, वहिनीला दे. आणि जमलं तर तो व्रण कसला ते तिला तूच सांग. न्हाणीत सांग हवं तर, पण तांब्या ओतू नकोस.

चिंगी साडेसहा किलोंची झाली आहे. लाडू आता पाठवू नकोस, लिंबाचं लोणचं पाठव.

तुझी,
धाकटी

ता. क. आबांना सांग, कार्पेट धुऊन घेतलं. गाय आता बसते.