भाऊसाहेब (नियुक्तीच्या प्रतीक्षेत)

आमच्या गावाला दोन भाऊसाहेब आहेत. एक ग्रामसेवक. त्यांना सरकारने नेमलेलं असल्यामुळे ते क्वचित दिसतात. दुसऱ्याला कुणीच नेमलेलं नाही, त्यामुळे तो केव्हाही सापडतो. मारुतीच्या पाराजवळ चुलत्याची बंद पडलेली पिठाची गिरणी आहे, तिथे त्याने टेबल टाकलंय. टेबलावर पंच, स्टेपलर, टाचण्यांची डबी, निळं शाईपॅड आणि दोरीला बांधलेलं पेन. कुणी पीकविम्याचा नाहीतर लेकीच्या शिष्यवृत्तीचा कागद घेऊन गेलं की भाऊसाहेब आधी तो उलटा करून मागची कोरी बाजू वाचतो. मग विचारतो, "आधारची झेरॉक्स?" ती दिली की "सही कुठंय हिच्यावर?" सही केली की घड्याळाकडे बघतो. "आता जेवणाची वेळ झाली. तीनला या." पगार नाही, पद नाही, खुर्चीला एक हात नाही, पण जेवणाची सुट्टी आहे.

लिपिकाला जे जे लागतं ते सगळं या मुलाजवळ तयार आहे. सरकारने फक्त आदेश काढायचा बाकी आहे.

शेवगाव-पाथर्डीच्या आमच्या भागात पोरगा बारावी झाला की त्याच्यासमोर फार फाटे नसतात. बरीच पोरं पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळायला लागतात. ती पोलीस भरतीची. भाऊसाहेबही काही महिने पळाला. पण तिथे उंची १६५ सेंटिमीटर लागते आणि टेपवाले काका १६३ च्या वर जायला तयार होईनात. दोन सेंटिमीटरने गृहखात्याने एक माणूस गमावला आणि तो बाकीच्या सगळ्या खात्यांच्या वाट्याला आला. बारावीवर काय काय भरता येतं याची त्याने यादी केली. पहिलं नाव एसएससीचं, म्हणजे दिल्लीच्या कर्मचारी निवड आयोगाचं. "एसएससीची तयारी करतोय," असं त्याने घरात जाहीर केलं तेव्हा आजोबा खाटेवर उठून बसले. "आरं, दहावी तर तू पास झाला व्हता ना? पेढं वाटलं आपुन!" पुढे कितीतरी दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, की पोरगं बारावी करून पुन्हा दहावीला बसलंय, जरा बघा त्याच्याकडं.

मग फॉर्म सुरू झाले. फॉर्म भरणं ही परीक्षेच्या आधीची औपचारिकता आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी तो भरलेला नसतो. फोटो वीस ते पन्नास केबीमध्ये बसवायचा, सही त्याहून लहान. काही संस्थांना तर 'वर दिलेली माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत, स्वतःच्या हाताने, कॅपिटल अक्षरं न वापरता लिहून लागतं आणि त्याच्या जोडीला डाव्या हाताचा अंगठा. आजोबांनी सोसायटीच्या कर्जाला आयुष्यभर अंगठा दिला आणि नातवाने शिकून सही करावी म्हणून दोन एकर विकलं. नातवाच्या अंगठ्याला शाई बघून ते एवढंच म्हणाले, "मंग माझा काय वाईट व्हता?"

राज्य सरकारच्या भरतीत आणखी एक कागद असतो, नमुना 'अ', लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन. २००५ च्या नियमाप्रमाणे दोनपेक्षा जास्त हयात मुलं असतील तर नोकरी नाही. भाऊसाहेबाचं लग्न व्हायचंय, पण आपल्याला शून्य मुलं असून पुढेही दोनवर जाणार नाही, हे त्याने सरकारला वेळोवेळी लिहून दिलं आहे. मुलगी बघायला गेल्यावर पाहुण्यांनी अपेक्षा विचारल्या तर त्याने पिशवीतून नमुना 'अ' काढून दाखवला, असं गावात सांगतात. भाऊसाहेब हे नाकारतो. तो म्हणतो, ती छायांकित प्रत होती.

हे सगळे कागद तो कसे ठेवतो ते बघण्यासारखं आहे. नगर जिल्ह्यातल्या माणसाला दप्तराचा अभिमान असायला कारणही आहे. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना इथे जिल्हाधिकारी असताना त्यांनी कचेरीतल्या कागदांना शिस्त लावली आणि तो 'लखिना पॅटर्न' राज्यभर गाजला. त्यातली सहा गठ्ठ्यांची पद्धत भाऊसाहेबाने कुठल्याशा मार्गदर्शक पुस्तकात वाचली आणि घरातली लोखंडी कॉट रिकामी केली. चालू कामाचा एक गठ्ठा, प्रतीक्षाधीन प्रकरणांचा एक, नियतकालिकांचा एक, असं करत सहावा नाश करायच्या कागदांचा. चालूच्या गठ्ठ्यात सहसा काही नसतं. प्रतीक्षाधीन गठ्ठा मात्र एवढा वाढलाय की त्यावर आई पापड वाळत घालते. नाश करायच्या गठ्ठ्यातलं तो काहीच नाश करत नाही. त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते.

टंकलेखन ही त्याच्या आयुष्यातली खरी साधना. लिपिकाला मराठी मिनिटाला तीस शब्द किंवा इंग्रजी चाळीस, असं प्रमाणपत्र लागतं. तालुक्याला एसटी स्टँडमागे जिन्यावरच्या एका क्लासात तो शिकायला लागला तेव्हा तिथे रेमिंग्टन आणि गोदरेजची जुनी यंत्रं होती. एका यंत्राचा 'र' वर उडायचा, दुसऱ्याची वेलांटी हातोडीने ठोकल्यासारखी कागदाला भोक पाडायची. भाऊसाहेबाने त्या यंत्रांवर करंगळ्या कमावल्या. बोटं बसली, वेग आला, आणि यंत्रावरची परीक्षाच बंद होऊन संगणकावरची सुरू झाली. आता कळफलक वेगळा, 'क' भलतीकडे, आणि जोर लावला की एकाच्या जागी पाच 'ककककक'. कमावलेल्या करंगळ्या पुन्हा नाजूक करण्यात पुढचा काळ गेला. त्यातून झालं असं, की समोर कुणीही बोलायला लागलं की त्याची बोटं मांडीवर आपोआप चालतात. मागे गावातले एक जुने पुढारी वारले. दहाव्याला नदीकाठी श्रद्धांजलीची भाषणं झाली. सगळे खाली माना घालून बसलेले आणि भाऊसाहेबाची बोटं गुडघ्यावर टकटक चाललेली. शेवटी तो माझ्या कानाशी लागला, "गुरुजी तीसच्या खाली आहेत. सरपंच चाळीसला गेले, पण चुका फार."

अभ्यासाचं म्हणाल तर तो भरपूर आहे, आणि तीच अडचण आहे. उशाशी वाळंब्यांचं व्याकरण, त्याखाली तात्यांचा ठोकळा, आणि त्याखाली आणखी ठोकळे. ज्ञान एवढं झालंय की ते परीक्षेपर्यंत थांबायला तयार नाही, घरातच सांडतं. एकदा दुपारी वडील शेतातून ओरडत आले, "आरं बैल सुटला, बैल सुटला!" भाऊसाहेब पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, "अकर्मक कर्तरी." बैलाने शेजाऱ्याची निम्मी मका खाल्ली, त्याचं भांडण बांधावर गेलं, बांध कुणाचा यावर कुऱ्हाडी निघायची वेळ आली. भाऊसाहेब मध्ये पडला आणि दोन्ही बाजूंना शांतपणे म्हणाला, की जमीन हा विषय राज्यसूचीत येतो. त्यावर दोन्ही बाजू मिळून त्याच्या अंगावर धावून गेल्या. गावात शांतता नांदली ती अशी.

लग्नाकार्यात त्याला कुणी नातं विचारू नये. बुद्धिमत्ता चाचणीतल्या नात्यांच्या गणितांनी त्याची साधी नाती ओळखायची शक्ती गेली आहे. "ती हिरव्या शालूतली बाई कोण रे?" असं विचारलं तर तो डोळे मिटून पुटपुटतो, "नवरदेवाच्या वडिलांच्या वडिलांचा एकुलता एक मुलगा... त्याची बायको..." अर्ध्या मिनिटाने डोळे उघडून, उत्तर ताडून पाहिल्यासारखं करून सांगतो, "वरमाई." तोवर वरमाईने येऊन पाया पडून घेतलेलं असतं. पण जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या, त्याआधी बलवंतराय मेहता समिती १९५७ ची आणि आपल्याकडची वसंतराव नाईक समिती १९६० ची, हे झोपेतून उठवून विचारा. आम्ही एकदा खरंच उठवून विचारलं. त्याने सांगितलं आणि कूस बदलताना म्हणाला, "पर्याय वाचा ना."

आता कुणी विचारील, एवढं येतं तर नोकरी का लागत नाही? हा प्रश्न विचारणाऱ्याला भरतीचं वेळापत्रक ठाऊक नाही. रेल्वेने २०१९ च्या फेब्रुवारीत एनटीपीसीची, म्हणजे बिगर-तांत्रिक पदांच्या भरतीची, जाहिरात काढली. त्यात बारावीवाल्यांना कनिष्ठ लिपिक-टंकलेखकाची जागा होती. जागा पस्तीस हजारांच्या घरात, अर्ज सव्वा कोटीच्या पुढे. परीक्षा सुरू झाली २०२० च्या डिसेंबर अखेरीस. मध्ये करोना येऊन गेला होता. शुल्क पाचशे, पण परीक्षेला प्रत्यक्ष बसलं की चारशे परत. भाऊसाहेब बसला. काही काळाने खात्यात चारशे रुपये जमा झाले आणि आईने पासबुक घेऊन आळीभर फिरून सांगितलं, "रेल्वेचं पैसं यायला लागलं." आजतागायत सरकारकडून त्याला मिळालेली ही एकमेव रक्कम, आणि तीही त्याचीच.

त्याच २०१९ च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदांची जाहिरात आली. तिची गोष्ट रेल्वेपेक्षा लांब आहे. फॉर्म भरले, पैसे भरले, आणि पोरं वाट बघत बसली. भरतीच्या ऑनलाइन परीक्षा घेणारं महापरीक्षा पोर्टल बंद झालं. टाळेबंदी लागली आणि उठली. सरकारं बदलली. आरोग्य विभागाचे पेपर फुटले, धरपकड झाली. शेवटी ती भरतीच रद्द झाली आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी जाहिरात निघाली, नवं शुल्क खुल्या वर्गाला हजार रुपये. जुन्या जाहिरातीच्या वेळी ज्याला मिसरूड फुटत होतं तो नव्या जाहिरातीला पोरगं कडेवर घेऊन आला. भाऊसाहेबाने या सगळ्यावर कधी शिवी दिली नाही. तो एवढंच म्हणाला, "प्रकरण प्रक्रियेत आहे." मला तेव्हाच कळलं, की हा माणूस आता कुठल्याही खात्यात शोभेल.

दरम्यान त्याने मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली होती, म्हणून तलाठ्याचाही फॉर्म टाकला. चार-साडेचार हजार जागांना दहा लाखांवर अर्ज. परीक्षा कितीतरी सत्रांत झाली. कुणाला सोपा पेपर, कुणाला अवघड, म्हणून गुण सारखे करायचं गणित लावलं, आणि निकालात दोनशेपैकी दोनशे चौदा गुण झळकले. भाऊसाहेबाने पारावर बसून हे गुणांचं सामान्यीकरण लोकांना समजावलं. तासभर समजावलं. डेअरीचे चेअरमन शेवटपर्यंत ऐकत होते. मग उठता उठता म्हणाले, "एवढी फॅट मी लावली असती तर आज जेलात असतो."

निकाल लागला की तो दोन दिवस गिरणीत येत नाही. तिसऱ्या दिवशी येतो, टाचण्या मोजतो आणि उत्तरतालिकेवर हरकत लिहायला घेतो. एका हरकतीने त्याला दीड गुण वाढायचे असतात आणि हुकलेलं असतं अकराने, पण हरकत नोंदवायची मुदत असते आणि मुदत वाया घालवणं त्याच्या रक्तात नाही. खुल्या वर्गाला राज्यसेवेत वयाची अट अडतीस आहे, हे त्याला माहीत आहे. आईलाही माहीत आहे. देवाला दिवा लावताना ती इतर मागण्यांबरोबर अट वाढावी असंही मागते.

लग्नाचं थोडं राहिलं. "मुलगा काय करतो?" याला आमच्याकडे चार उत्तरं चालतात: नोकरी, धंदा, शेती आणि तयारी. 'शेती' म्हटलं की पाहुणे पाणी पिऊन उठतात. 'तयारी' म्हटलं की पोह्यांपर्यंत थांबतात, कारण त्यात आशा आहे. गेल्या उन्हाळ्यात एक पाहुणे चहापर्यंत टिकले होते. निघताना म्हणाले, "ऑर्डर आली की कळवा." भाऊसाहेबाने त्यांचं नाव प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात लावून घेतलं.

जिल्हा परिषदेच्या त्या २०२३ च्या फॉर्मच्या वेळी त्याची चुलत बहीण गिरणीत आली होती. बारावी झालेली, टायपिंगचं प्रमाणपत्र हातात, डोक्यात काही नाही म्हणजे डावपेच नाहीत. भाऊसाहेबाने स्वतःसाठी आठ दिवस खपून कुठल्या जिल्ह्यात जागा किती, गेल्या वेळची गुणांची रेषा काय, असा तक्ता केला होता आणि लांबचा एक जिल्हा निवडला होता. तोच तक्ता राज्यातल्या बाकीच्या भाऊसाहेबांनीही केला असावा, कारण सगळी गर्दी तिथेच झाली. बहिणीला त्याने विचारलं, "जिल्हा कोणता टाकू?" ती म्हणाली, "आई म्हणती घराजवळचा टाक." त्याने तोंड वाकडं करून टाकला. ती कनिष्ठ सहायक म्हणून लागली. तिच्या रुजू होण्याच्या अर्जाचा मसुदा त्यानेच केला, हे सांगायला नको.

आता आठवड्यातून दोनदा तरी रात्री तिचा फोन येतो. परवा मी गिरणीतच होतो. "दादा, फाईल परत आली रे. साहेबांनी नुसतं 'कृपया चर्चा करावी' लिहिलंय."

भाऊसाहेब ताठ बसला. "पानांना नंबर टाकले होतेस?"

"नाही."

"संदर्भात आधीचं पत्र?"

"ते कुठं असतं?"

"लिही," तो म्हणाला आणि डोळे मिटून, मिनिटाला बरोबर तीस शब्दांनी टिप्पणी सांगू लागला. उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने सुरुवात झाली, मध्ये दोन शासन निर्णय दिनांकासह आले, आणि शेवटी 'मान्यतेस्तव सविनय सादर' वर तो थांबला. पलीकडून बराच वेळ पेनाचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "दादा, आमच्याकडं कंत्राटी माणसं घेणारेत म्हणं. अकरा महिन्यांची. तुझं नाव सांगू का साहेबांना?"

"जाहिरात क्रमांक काय?"

"जाहिरात नाही रे. साहेब बोलताना म्हणाले नुसते."

"म्हणजे तोंडी आहे," भाऊसाहेब म्हणाला. "तोंडी काम आपण करत नाही. लेखी पाठव, मग बघू."